त्याला आधी अंतर द्या

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून घरी आणलेला मोठा कुत्रा पहिले काही दिवस बहुधा एका कोपऱ्यात बसून असतो. भुंकत नाही, फिरत नाही, अंगावरून हात फिरवला तरी हलत नाही. घरातले कौतुकाने म्हणतात, किती गुणी आहे. मग एखाद्या संध्याकाळी पाहुणे येतात, कुणीतरी त्याला कुरवाळायला वाकतं आणि तो गुरगुरतो, दात विचकतो, क्वचित चावतोही. सगळ्यांना वाटतं, हा बिघडला. खरं तर तो आधी गुणी नव्हता आणि आता बिघडलेलाही नाही. इतके दिवस तो भीतीने गोठलेला होता. घर थोडं ओळखीचं झालं, पोटात अन्न गेलं, अंगात बळ आलं, तेव्हा कुठे त्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणून दाखवलं. पुष्कळ घरं नेमकी इथेच गोंधळतात, आणि पुष्कळ कुत्रे याच टप्प्यावर पुन्हा रस्त्यावर जातात.

हे ‘नको’ समजून घ्यायला एका जुन्या निरीक्षणाची मदत होते. हाइनी हेडिगर हे स्विस प्राणिशास्त्रज्ञ बर्न, बासेल आणि झ्युरिक इथल्या प्राणिसंग्रहालयांचे संचालक होते. त्यांनी दाखवून दिलं की प्रत्येक रानटी प्राण्याचं एक ठरलेलं अंतर असतं. धोका त्या अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. पळायला वाट नसेल आणि धोका आणखी जवळ आला, तर तोच प्राणी उलटून अंगावर येतो. रस्त्यावरच्या कुत्र्याचं सगळं जगणं या अंतरावर चालतं. उभ्या गाडीखाली झोपलेला कुत्रा बघा. शंभर माणसं बाजूने जातात, तो डोळा उघडत नाही. एकाची पावलं त्याच्याकडे वळली की मात्र तो उठून चार हात लांब गेलेला असतो. हे कसब त्याला कुणी शिकवलेलं नाही, पण त्यावरच तो जगला आहे. अशा कुत्र्याला आपण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणतो. दार बंद, पॅसेज अरुंद, लिफ्ट त्याहून अरुंद, गळ्यात पट्टा. पळण्याची वाट संपली. मग त्याच्याकडे दुसरीच वाट उरते.

म्हणून तो गुरगुरतो तेव्हा तो तुमच्याकडे अंतर मागत असतो. पुढे लिहिलेल्या सगळ्या गोष्टी या एकाच समजुतीतून निघतात.

त्याला कशाची भीती वाटते याचा अंदाज घरात बसून येत नाही, कारण ती यादी रस्त्याने लिहिलेली असते. समोरचा माणूस वाकला की बरेच देशी कुत्रे दचकतात. रस्त्यावर वाकलेला माणूस हातात दगड घेऊनच वर येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकता, जेवणाची वाटी ठेवायला वाकता, आणि तो भिंतीला चिकटतो. झाडू, काठी, छत्री, हेल्मेट घातलेला डोक्याचा आकार, पावसाळ्यात रेनकोट घातलेला ओळखीचाच माणूस, टेम्पोच्या मागच्या दाराचा आवाज, यांतलं काहीही त्याला पुरेसं असतं. त्याच्या एका कानाच्या टोकाला काप दिसतो का, तेही पाहा. नसबंदी करून, रेबीजची लस टोचून मूळ जागी सोडलेल्या कुत्र्यांना ती खूण करतात. म्हणजे त्याला कधीतरी पकडलं गेलं आहे, बहुधा जाळ्याने, आणि अनोळखी हातांनी दाबून धरलं आहे. त्या वेळी त्याचं भलंच झालं. त्याला ते तसं कळण्याचा मात्र काहीच मार्ग नव्हता. अशा कुत्र्याच्या डोक्यावरून हात आणू नका.

काही कुत्र्यांच्या मागे मारहाणीची आठवण अजिबात नसते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जगातल्या कोणत्या गोष्टी नेहमीच्या आहेत ते ठरवत असतं. त्या वयात माणूस जवळून न पाहिलेल्या कुत्र्याला पुढे माणूसच परका वाटतो. त्यामुळे ‘याला कुणीतरी फार छळलं असणार’ ही गोष्ट रचत बसण्यात वेळ घालवू नका. तुमच्या कामाचं एवढंच आहे: कोणती गोष्ट, किती जवळ आली की हा ताठरतो.

हे ओळखायला त्याचं अंग वाचता यायला हवं. ‘अचानक चावला’ असं आपण म्हणतो, पण अचानक फार थोडे कुत्रे चावतात. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी या खुणा शिडीच्या पायऱ्यांसारख्या मांडल्या आहेत. सगळ्यात खाली जांभई, डोळ्यांची उघडझाप, नाकावरून जीभ फिरवणं. मग तोंड वळवणं, अंग वळवणं, उठून जाणं. मग कान मागे, शेपूट पायांत, अंग चोरून उभं राहणं. त्यावर ताठरून एकटक बघणं, मग गुरगुर, मग हवेत चावा आणि शेवटी खरा चावा. झोप आलेली नसताना दिलेली जांभई आणि समोर खाणं नसताना ओठांवरून फिरलेली जीभ, या दोन खुणा घरातल्या प्रत्येकाने पाठ कराव्यात. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं की तो अगदी काठावर आला आहे असं समजा. पाठीवर झोपून पोट दाखवणारा प्रत्येक कुत्रा लाड मागत नसतो. अंग ताठ आणि शेपूट पोटाशी घट्ट असेल तर तोही ‘मला सोड’ असंच म्हणत असतो. मुलं त्याच्या गळ्यात हात टाकतात. आपल्याला ती माया दिसते, पण घाबरलेल्या कुत्र्याच्या लेखी त्याची वाट अडवलेली असते.

गुरगुरीबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. गुरगुरण्यासाठी कुत्र्याला कधीही रागावू नका, मारू नका. मार खाल्लेला कुत्रा घाबरायचं थांबत नाही. तो फक्त गुरगुरायचं थांबतो, आणि पुढच्या वेळी आवाज न करता थेट दात लावतो. त्याने गुरगुर केली की जिथे आहात तिथे थांबा, नजर वळवा, अंग तिरकं करा आणि सावकाश मागे व्हा. यावर लोक विचारतात, मग गुरगुरलं की आपलं चालतं असं तो शिकणार नाही का? ते त्याला आधीपासूनच माहीत आहे. आपल्याला त्याला शिकवायचं आहे ते हे, की या घरात नुसतं तोंड वळवलं तरी ऐकलं जातं. ते एकदा पटलं की गुरगुरायची वेळच कमी येते.

कोणतीही शिकवण सुरू करण्याआधी पशुवैद्याकडे जा. कानातला जुना संसर्ग, किडलेला दात, गाडीखाली येऊन वेडंवाकडं जुळलेलं हाड, गोचीडताप यांतल्या कशानेही हात लावल्यावर कुत्रा उलटतो, आणि रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात यातलं काहीतरी सापडण्याची शक्यता चांगलीच असते. त्याचं पूर्वीचं लसीकरण माहीत नसेल तर रेबीजचा विचार टाळू नका. वागणं एकाएकी बदललं, आवाज घोगरा झाला, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात, असं दिसलं तर त्याच्याजवळ जाऊ नका. खोलीचं दार लावून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.

चावा किंवा दाताचा ओरखडा कुणालाही बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते आवर्जून विचारा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण ते लस घेत घेत. लस थांबवून नाही. ‘घरचाच तर आहे’ म्हणून ही गोष्ट कुणीही हलक्यात घेऊ नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचवणं जवळजवळ अशक्य असतं.

आता घराकडे वळू. कुत्र्याला अशी एक जागा द्या जिथून तो दार पाहू शकेल, पण जी कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत नसेल. बाल्कनीचं दार आणि स्वयंपाकघर यांच्या मधली जागा आपल्याला सोयीची वाटते, पण तिथे त्याला दिवसातून चाळीसदा दचकावं लागतं. खोलीचा आतला कोपरा, एका बाजूला भिंत, वरून चादर टाकलेलं टेबल, खाली गोधडी, एवढं पुरे. तो तिथे असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, हात घालायचा नाही, ओढून बाहेर काढायचं नाही. पलंगाखाली शिरला तर राहू द्या. लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं छोटं दार पॅसेजमध्ये लावलंत तर निम्मे प्रसंग टळतात. पहिले काही आठवडे पाहुणे बोलावू नका. नवा कुत्रा बघायला यायचं म्हणणाऱ्या मावश्या-काकांना स्पष्ट नाही सांगा. घरातल्यांनीही समोरून चालत जाऊ नये. बाजूला, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून जमिनीवर बसावं, काहीतरी वाचावं, आणि अधूनमधून उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्या दिशेने सरकवावा. जवळ यायचं की नाही ते त्याने ठरवायचं.

फिरायला पहाटे किंवा रात्री उशिरा, गर्दी नसताना न्या. छातीला बसणारा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हींना वेगवेगळा पट्टा लावा. घाबरलेला कुत्रा मागे सरकून एकातून सहज निसटतो, आणि अनोळखी वस्तीत निसटलेला घाबरट कुत्रा परत मिळणं फार अवघड असतं. लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहा, नाहीतर जिना घ्या.

या सुमारास कुणीतरी सल्ला देतंच की त्याला मालक कोण ते दाखवून द्या, धरून आडवा पाडा, नजर रोखून बघा. ही कल्पना लांडग्यांच्या अभ्यासातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं वर्णन केलं होतं. एकमेकांना न ओळखणारे लांडगे एकत्र कोंडल्यावर जी झुंज होते, ती त्यांनी पाहिली. डेव्हिड मीच या अमेरिकी संशोधकांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ हा शब्द सर्वदूर नेला, आणि त्याच मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं असं कुटुंब असतं. तिथे वरचढपणासाठी झुंजणारा असा कुणी अल्फा नसतो. धाकदपटशाने काय होतं तेही तपासलं गेलं आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं की कुत्रा उलटून अंगावर आला. जबरदस्तीने उताणा पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के आणि नुसती नजर रोखणाऱ्यांत ३० टक्के होतं. तेव्हा प्रशिक्षक निवडताना एकच प्रश्न विचारा: कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? उत्तरात काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा किंवा ‘दोन ठेवून देतो’ असं काही आलं तर आभार मानून परत या. माझ्या मते घाबरलेल्या कुत्र्याचं सगळ्यात मोठं नुकसान अशा महिन्याभराच्या ‘ट्रेनिंग’ने होतं.

खरं काम कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. समजा, सकाळी आठला येणाऱ्या कामवाल्या मावशींना पाहून कुत्रा अंगावर धावतो. आधी मावशींशी बोला. त्यांची भीती कुत्र्याच्या भीतीइतकीच खरी आहे, आणि त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथे संपला. मग त्या येतील तेव्हा कुत्रा रोज आतल्या खोलीत. ‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य तोंडातून कायमचं काढून टाका. त्या तयार असतील तर पहिले काही आठवडे फक्त एवढंच करा: त्या यायच्या पाच मिनिटं आधी कुत्रा आतल्या खोलीत, दार बंद, चाटायला दही लावून फ्रीजमध्ये गोठवलेली ताटली. घंटा बंद ठेवा, मावशींनी खालून मिस्ड कॉल द्यावा. रोजचं भुंकणं आणि धावणं थांबणं हीच पहिली प्रगती. तो जितक्या वेळा अंगावर धावेल तितकं ते त्याच्या अंगवळणी पडत जातं.

दुसरीकडे, दिवसाच्या निवांत वेळी घंटेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा, आणि लगेच चिकन द्या. क्रम महत्त्वाचा. आधी घंटा, मग चिकन. उलट केलंत, म्हणजे आधी चिकन दाखवून मग भीतीची गोष्ट आणलीत, तर तो चिकनलाच घाबरायला लागतो. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत शिकलो, तीच इथे कामाला येते. आवाज थोडा थोडा वाढवत न्या. घंटा वाजल्यावर तो दाराकडे न धावता तुमच्याकडे वळून पाहू लागला की पुढे जायचं.

मग मावशी. जाळीच्या दारापलीकडे, पॅसेजच्या त्या टोकाला त्या दिसतात, तुम्ही चिकन देता. त्या नजरेआड होतात, चिकन बंद. त्यांनी कुत्र्याकडे बघायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. दोन-तीन मिनिटं, बस. तो खातोय का यावर नजर ठेवा. आवडीचा तुकडाही तोंडात घेत नसेल, किंवा बोटांना लागेल इतक्या झडपेने घेत असेल, तर अंतर कमी पडतंय. लांब जा. घाई झालेली माणसं इथे एक मोठी चूक करतात, पाहुण्याच्या हातात खाऊ देऊन ‘तू भरव’ म्हणतात. कुत्रा खाण्यासाठी भीती गिळून पुढे येतो, तुकडा संपतो, आणि मग त्याला कळतं की आपण नको त्या माणसाच्या अगदी तोंडाशी उभे आहोत. चावा तिथेच होतो. पुढच्या टप्प्यावर मावशींनी तुकडा त्याच्या मागे, लांब टाकावा. तो खायला दूर जाईल आणि वाटलं तर आपणहून परत वळेल. दूर जाता येतं हे कळल्यावरच त्याचं जवळ येणं खरं होतं.

काही दिवस सराव करूच नये. वरच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे, सकाळी सिलिंडरवाला येऊन गेला, फिरताना परका कुत्रा अंगावर आला. असे धक्के एकावर एक साचत जातात आणि अंगातला ताण उतरायला वेळ लागतो. त्या दिवशी त्याला झोपू द्या. गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांचा विचार महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांबरोबर करा. खूप घाबरणाऱ्या कुत्र्यांना फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं देतात. त्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि ती शिकवणीच्या जोडीला असतात. औषध देणं म्हणजे हार मानणं नाही; घाबरून थरथरणाऱ्या मेंदूत नवं काही शिरत नाही. आपल्या गोळ्या मात्र त्याला कधीच देऊ नका. आणि नुसतं गुंगीचं औषध मिळत असेल तर विचारा, याने भीती कमी होते की फक्त अंग सुस्त होतं? एसिप्रोमॅझिन एकटंच दिलं तर कुत्रा हलत नाही, पण आवाजाची भीती तशीच राहते.

मुसक्याबद्दल लोकांना संकोच वाटतो. तो सोडा. डॉक्टरकडे, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या आवारात मुसकं असलं की तुमचा हात सैल राहतो, आणि पट्ट्यातून तुमची भीती त्याच्यापर्यंत जात नाही. जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून त्याला धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं आपल्या उन्हात धोक्याचं आहे. एकदम चढवू नका. आतून पनीर लावा, त्याने आपणहून तोंड घालावं, काढावं. पट्टी बांधण्यापर्यंत यायला दोन आठवडेही लागतील.

प्रगती सरळ रेषेत होत नाही. ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक ठोकताळा दत्तक देणारे सांगतात. वयात आलेल्या घाबरट देशी कुत्र्यासाठी तीन महिने ही सुरुवातच समजावी. एक वही ठेवा. तो गुरगुरला की नाही एवढंच लिहू नका. कशाला, किती अंतरावर, आणि मुख्य म्हणजे पुन्हा शांत व्हायला किती वेळ लागला ते लिहा. पूर्वी तासभर धापा टाकणारा कुत्रा पाच मिनिटांत अंग झटकून पाणी प्यायला गेला, तर त्या दिवशी तो भुंकला असला तरी दिवस चांगला गेला.

काही घरांत हे जमत नाही, तेही सांगायला हवं. रांगतं मूल आहे, वयस्कर आजी काठी घेऊन चालतात, दाराची दिवसभर उघडझाप होते, आणि चावे वाढत चालले आहेत किंवा खोल होत आहेत. अशा वेळी कुत्र्याला दुसरं घर शोधणं हा पळपुटेपणा नाही. ज्यांच्याकडून त्याला आणलं त्यांना आधी फोन करा, आणि घडलेला प्रत्येक चावा त्यांना सांगा. नव्या घरालाही सांगा. जागा मिळेपर्यंत तो बंद दाराआड आणि मुसक्यात राहील अशी सोय करा. त्याला गाडीत घालून लांबच्या वस्तीत सोडून येऊ नका. तिथल्या कुत्र्यांच्या टोळीत त्याला जागा नसते, आणि तिथल्या मुलांना या कुत्र्यापासून किती अंतर राखायचं ते माहीत नसतं.